करंगळीएवढा फरक

“दोन्ही सारखेच आहेत,” मेहेंदळे म्हणाले. “किंमत जवळपास एक, भिंगाची ताकद एक, वॉरंटी एक. डोळे मिटून कुठलाही उचला, हेंद्रे. पस्तावणार नाही.”

काउंटरवर निळं फडकं अंथरून त्यांनी दोन काळे डिजिटल कॅमेरे शेजारी शेजारी ठेवले होते. कंपन्या वेगळ्या, पण लांबून बघणाऱ्याला जुळे भाऊ वाटावेत असे. एक अंगानं जरा भरलेला होता आणि दुसरा आटोपशीर, एवढंच.

“डोळे मिटून कॅमेरा कसा घ्यायचा?” माझे यजमान म्हणाले. मेहेंदळे हसले. हे हसले नाहीत.

२००६ सालचा जानेवारी होता. फलटणला आमचा ‘हेंद्रे फोटो स्टुडिओ’. माझ्या सासऱ्यांनी तो काढला आणि त्यांच्या माघारी ह्यांनी, म्हणजे अंबादास हेंद्रे यांनी चालवला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून काउंटर सांभाळत होते. पासपोर्ट फोटो कापायचे, पाकिटांवर नावं घालायची, आणि लग्नाचे अल्बम लावायचे. तीनशे फोटोंतून शंभर निवडायचे, कुठला कुठल्याशेजारी बसवायचा ते ठरवायचं, हे सगळं काम माझं. फोटो काढायचं काम ह्यांचं. अठरा वर्षांत मी कॅमेऱ्याला हात लावला तो पुसण्यापुरता.

रोल धुणारी साताऱ्याची लॅब बंद पडायच्या बेतात होती. स्टँडजवळ दोन नवे डिजिटल स्टुडिओ निघाले होते. त्यातच मे महिन्यात नाळे सरांच्या मुलीचं लग्न ठरलं. सरांनी फलटणच्या निम्म्या गावाला गणित शिकवलेलं. ते स्वतः दुकानात येऊन म्हणाले होते, “हेंद्रे, या वेळी डिजिटल हं. मुलगी म्हणते.” म्हणून आम्ही दोघं सकाळच्या एसटीनं पुण्याला, मेहेंदळ्यांच्या कॅमेऱ्याच्या दुकानात आलो होतो.

माझं मत येतानाच पक्कं झालं होतं. मेहेंदळ्यांनी आधी पोस्टानं पाठवलेली माहितीपत्रकं मी वाचली होती. मी बारावी झालेले, इंग्रजी बऱ्यापैकी यायचं. ह्यांचं शिक्षण नववीत सुटलेलं, त्यामुळं असलं वाचायचं काम माझ्याकडेच असे. मला तो भरलेला कॅमेरा पसंत होता. त्याच्या खिडकीतून चित्र मोठं आणि उजळ दिसायचं, एका बॅटरीत सबंध लग्न निघालं असतं, आणि मुख्य म्हणजे तो ह्यांच्या हाताला शोभत होता. ह्यांचे हात मोठे होते. गावात पोरं चेष्टा करायची, की हेंद्रेमामांच्या पंजात पिशवीभर वांगी मावतात.

“हाच घ्या,” मी म्हणाले. “धरून तर बघा.”

ह्यांनी धरला. पाची बोटं नीट बसली. मग आटोपशीर कॅमेरा उचलला, तर करंगळी खालून निसटून अधांतरी राहिली.

“बघा,” मी म्हणाले. “त्याला तुमचं बोटसुद्धा पुरत नाही.”

“हं,” हे म्हणाले. मग तो माझ्याकडं देत, “धर जरा, मी चष्मा पुसतो.”

मी धरला. ह्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा पुसला.

“डोळ्याला लाव की. मेहेंदळ्यांचा एक काढ.”

“मी कशाला?”

“काढ गं. कसा येतोय ते तर कळेल.”

मेहेंदळे लगेच काउंटरमागं ताठ उभे राहिले. मी खिडकीतून बघितलं, बटण दाबलं. मागच्या छोट्या पडद्यावर मेहेंदळे उमटले, त्यांच्यामागं कॅलेंडर, त्यावर गणपती. मला आपलं हसू आलं. रोल नाही, धुणं नाही, चार दिवस वाट बघणं नाही.

“आता त्यानं काढ,” हे म्हणाले.

मी मोठ्यानंही काढला.

“जड वाटतो का?”

“मला काय वाटायचंय? धरायचाय तुम्हाला.”

“तरी पण. गळ्यात घालून दोन तास उभं राहायचं म्हटलं तर?”

“तुम्ही राहणारच की दोन तास.”

हे माझ्या हातातल्या कॅमेऱ्याकडं बघत राहिले. उजवा हात त्यांनी पँटच्या खिशात घातला होता. हल्ली ती सवयच लागली होती त्यांना.

“हा द्या,” शेवटी ते मेहेंदळ्यांना म्हणाले, आणि डाव्या हातानं आटोपशीर कॅमेरा पुढं सारला.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “अहो, हा? ह्याच्या बॅटरीचं काय?”

“दोन बॅटऱ्या घेऊ.”

“आणि तुमची करंगळी?”

“करंगळीनं कोण फोटो काढतं?”

मेहेंदळे खोका बांधू लागले होते. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि लगेच दोऱ्याच्या गाठीकडं. मला वाटलं, नवराबायकोच्या भांडणात पडायला नको म्हणून बघत नसावेत.

परत येताना दिवे घाटात मी खिडकीतून बाहेर बघत बसले. मला राग कॅमेऱ्याचा नव्हता. आदल्या वर्षात ह्यांचं काहीतरी बिनसलं होतं आणि ते मला सांगत नव्हते, त्याचा होता. गिऱ्हाइकांकडं चहा घेणं त्यांनी बंद केलं होतं. पासपोर्टची पट्टी आपल्या हातानं कापत नव्हते. कार्तिकातल्या एका लग्नात तर हार घालतानाचा फोटोच मिळाला नाही. मुलीच्या मामांनी दुकानात येऊन चार शब्द सुनावले. ह्यांनी सांगितलं, रोल अडकला. रोल मीच पाकिटात भरून लॅबला पाठवला होता. तो अडकलेला नव्हता. त्यात हार हातात धरलेली नवरी होती आणि पुढच्या फोटोत हार गळ्यात. मधलं काहीच नव्हतं. मी ते कुणालाही बोलले नाही, ह्यांनासुद्धा नाही. माझ्या धाकट्या जावेनं एकदा आडून विचारलं होतं, “भाऊजी घेत तर नाहीत ना?” त्यावर मी तिच्याशी आठ दिवस बोलले नव्हते. पण मनात ते बसलंच होतं.

“रागावलीस?” जेजुरी गेल्यावर ह्यांनी विचारलं.

“मला विचारून घेतला असतात तर रागावले नसते.”

“विचारलं की. जड वाटतो का म्हणून.”

“असं विचारतात होय?”

त्यावर ते हसले. खूप दिवसांनी हसले म्हणून मीही गप्प बसले.

कॅमेऱ्याबरोबर इंग्रजीतलं जाडजूड पुस्तक आलं होतं. दुसऱ्या दिवसापासून दुपारी दुकान शांत असलं की हे स्टूल घेऊन माझ्याजवळ बसायचे. “तू वाच आणि मला सांग.” मी वाचायची, उलगडून सांगायची. “असं नाही कळत. करून दाखव.” मग मी करून दाखवायची. उजेड कमी असेल तर काय फिरवायचं, माणूस हलत असेल तर काय, उन्हात पांढरं पातळ असेल तर काय. हे खुर्चीत बसून ऐकायचे आणि मधेच म्हणायचे, “आता न बघता कर. लग्नात बटणं शोधायला वेळ नसतो.” मी न बघता करायची.

एका रविवारी आम्ही दोघं बाणगंगेच्या काठानं गेलो. हे म्हणाले, “त्या धुणाऱ्या बाईनं कपडा आपटला की नेमका पाण्याचा फवारा धर.” माझे आठ-दहा फोटो वाया गेले. “पाणी उडालं की दाबतेस तू,” ते म्हणाले. “खाली यायला लागला की दाब. जे व्हायचंय त्याच्या जरा अलीकडं. झाल्यावर दाबलंस तर ते गेलेलं असतं.” त्यांच्या तोंडून धंद्यातलं इतकं मी कधी ऐकलं नव्हतं. सासऱ्यांनी त्यांना शिकवलं तसं असणार, मला वाटलं. अकराव्या फोटोत पाणी आलं. थेंब अन् थेंब सुटा.

“हे सगळं तुम्ही शिकायचंय का मी?” मी गमतीनं विचारलं.

“तू शिकलीस की मी शिकलो,” ते म्हणाले.

मी ते नवऱ्याचं कौतुक समजले.

नाळे सरांच्या घरचं लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात होतं, दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त. एरवी लग्नाला मी गेलेच तर पाहुणी म्हणून जायची, हातात आहेराचं पाकीट घेऊन. त्या दिवशी हे म्हणाले, “नवीन कॅमेरा आहे, काही अडलं तर पुस्तक वाचायला तू जवळ हवीस.” म्हणून मी सकाळपासून बरोबर होते. पुस्तक पर्समध्ये.

सकाळचे विधी ह्यांनी काढले. सीमांत पूजन, गौरीहर, मामा, आजी. सगळं बसलेलं, सगळं सावकाश. मी पडद्यावर बघत होते. काही चांगले होते, काही हललेले. ह्यांच्या कपाळावर घाम होता, पण मे महिना होता, सगळ्यांच्याच कपाळावर घाम होता.

बाराच्या पुढं कार्यालय भरलं. अक्षता वाटून झाल्या. नवरामुलगा पाटावर उभा राहिला, दोघा भटजींनी अंतरपाट धरला, मामा नवरीला घेऊन आले. मांडवात बायकांचा, पोरांचा गलका. व्हिडिओवाला दिव्याचा खांब घेऊन घुसला. पहिलं मंगलाष्टक सुरू झालं आणि ह्यांनी मला खूण केली.

मला वाटलं पुस्तक हवंय. मी पर्स उघडत जवळ गेले.

“वैजू, आता तू काढ,” ते म्हणाले.

“काय?”

ह्यांनी गळ्यातला पट्टा काढून माझ्या गळ्यात घातला. घालताना त्यांचा उजवा हात माझ्या कानाला लागला. तो हलत होता. थंडीत हलतो तसा नाही, आपला आपण, एका लयीत, अंगठा बोटांवर घासत. इतक्या जवळून मी तो पहिल्यांदा बघितला.

“अहो, हे काय होतंय तुम्हाला?”

“मग सांगतो. अंतरपाट निघेल आता.”

“मला येत नाही!”

“येतं तुला.”

“इतक्या लोकांत? नाळे सर काय म्हणतील? एकुलती एक लेक आहे त्यांची! माझ्यानं हुकलं तर?”

“माझ्यानं नक्की हुकेल,” ते म्हणाले. “माझा डोळा म्हणतो दाब, आणि बोट मागून ऐकतं. कार्तिकात तेच झालं. रोल अडकला नव्हता, वैजू.”

“माहितीये मला,” मी म्हणाले.

ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “कुठला फोटो हवा ते अठरा वर्षं तूच ठरवतेस. फक्त जरा अलीकडं दाब. जा.”

ते मागं सरकले आणि पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर बसले. उजवा हात डाव्यानं दाबून.

मी पुढं कशी गेले ते आठवत नाही. आठवतो तो एका पागोटेवाल्या म्हाताऱ्याचा आवाज, “ओ बाई, फोटोवाल्याच्या मधी कुठं येताय? बाजूला व्हा!” आणि माझा स्वतःचा आवाज, मलाच अनोळखी, “मीच फोटोवाली आहे, बाबा. तुम्हीच जरा सरका.” म्हातारा सरकला. व्हिडिओवाल्यानं भुवया वर केल्या, पण दिवा माझ्या बाजूला वळवला.

कॅमेरा डोळ्याला लावला आणि गलका लांब गेला. बोटं आपापल्या जागी जाऊन बसली. दिव्याचा उजेड किती, नवरीचा शालू कसला, काय फिरवायचं, हे सगळं हातांनी केलं. मी फक्त बघत होते.

शेवटचं मंगलाष्टक. भटजींचा सूर चढला. जे व्हायचंय त्याच्या अलीकडं. “सावधान” म्हणायला तोंड उघडलं आणि मी दाबलं. अंतरपाट खाली, दोघांची नजर वर, हवेत अक्षतांचा पाऊस. दाबलं, दाबलं, दाबलं. हार उचलला, दाबलं. मिळालं, हे न बघताच कळलं.

एवढ्यात माझं लक्ष नवरीच्या मागं गेलं. नाळे सरांचे सोडून सगळ्यांचे हात वर होते. ते नवरीच्या मागं दोन पावलांवर उभे होते. मुठीत अक्षता तशाच. मूठ छातीशी धरलेली आणि तोंड किंचित उघडं. फळ्यावर उदाहरण मांडून अर्ध्यात विसरलेल्या माणसासारखे. आजूबाजूला सगळीकडं तांदूळ पडत होते आणि हा माणूस टाकतच नव्हता. मी नवरानवरी सोडले आणि सरांकडं वळले. एकच फोटो. मग त्यांनी मूठ उघडली, तीसुद्धा टाकायला नाही; तांदूळ आपोआप खाली सांडले.

नंतर पंगत संपेपर्यंतचे सगळे फोटो मीच काढले. लोकांना दोन-चार वेळा नवल वाटलं, मग जेवणाचं नवल वाटायला लागलं. नाळे सरांचं तर पाहुण्यांच्या गडबडीत माझ्याकडं लक्षच नव्हतं.

चार वाजता आम्ही दुकानात परतलो. हे काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाइकाच्या बाकावर बसले. मी पंखा लावला आणि त्यांच्यापुढं उभी राहिले.

“सांगा.”

“कंपवात,” ते म्हणाले. “दिवाळीच्या आधी साताऱ्याला लॅबच्या कामाला म्हणून गेलो होतो ना, तेव्हा डॉक्टरकडं गेलो होतो. गोळ्यांनी थोडं थांबतं. बरं होत नाही, हळूहळू वाढतं म्हणाले.”

सात महिने झाले होते. सात महिने मी ह्यांच्या शर्टांचे वास घेत होते, दारूचा येतो का म्हणून. ते मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. नंतर सांगितलं, तेव्हा खूप हसले.

“आणि कुणाकुणाला माहीत आहे?”

“डॉक्टरला.” जरा थांबून म्हणाले, “आणि मेहेंदळ्यांना.”

“मेहेंदळ्यांना?”

“त्यांना सांगावंच लागलं. जायच्या आधी फोन केला होता मी. म्हटलं, कॅमेरा माझ्या बायकोच्या हातात बसेल असा पाहिजे, पण तिला कळता कामा नये. ते म्हणाले, मी दोन काढून ठेवतो. कामाला दोन्ही सारखे, पण एक लहान हाताचा आहे. तिच्या हातात देऊन बघा, मग ठरवा.”

मला ते दुकान डोळ्यांपुढं दिसलं. चष्मा दोनदा पुसणारे हे. ताठ उभे राहिलेले मेहेंदळे. जड वाटतो का. करंगळीनं कोण फोटो काढतं. मी उजवा हात वर धरून बघितला. दुपारभर त्या कॅमेऱ्यावर माझी पाची बोटं नीट बसली होती, हे तेव्हा ध्यानात आलं.

“म्हणजे त्या दुकानात आपण कॅमेरा कुणासाठी घेतोय,” मी म्हणाले, “ते फक्त मलाच माहीत नव्हतं.”

“वैजू...”

“आणि चार महिने पुस्तक वाचून घेतलंत, ते?”

“तुला यावं म्हणून.”

“मला विचारायचं होतंत.”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणाले असते!” माझा आवाज चढला. रस्त्यावरून जाणारं कुणीतरी आत डोकावलं. “म्हणाले असते नाही. रडले असते, चार दिवस जेवले नसते, मग कदाचित हो म्हणाले असते. ते माझं मला करू द्यायचं होतंत. तुम्ही माझ्या वाटचंसुद्धा आपणच ठरवून टाकलंत. तुमचं दुखणं, माझा हात, सगळं तुम्हीच.”

ते खाली बघत राहिले. हात मांडीवर होता आणि आता तो लपवायची गरज नव्हती म्हणून की काय, मोकळा हलत होता. मग म्हणाले, “तुला सांगितलं असतं तर खरं झालं असतं. मी तेवढं लांबवत होतो.”

मी दुकानाच्या मागच्या खोलीत गेले आणि तोंडावर पाणी मारलं. माझ्या मनात काय होतं ते आज सांगायचं तर दोन गोष्टी होत्या, आणि त्या एकमेकींत मिसळत नव्हत्या. माणूस हातातून जायला लागला होता, हे खरं होतं. आणि त्या गर्दीत कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा मला जे वाटलं होतं तसं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, तेही खरं होतं. दुसऱ्याची मला लाज वाटत होती, कारण ते पहिल्यामुळं मिळालं होतं.

दोन दिवस मी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा दिला, कप अर्धाच भरला म्हणजे सांडणार नाही, आणि समोर बसले.

“मी काढीन फोटो,” मी म्हणाले. “लग्नं घेईन, बारशी घेईन, सगळं घेईन. पण एक आहे. यापुढं माझ्याबद्दलचं काही माझ्या पाठीमागं ठरवायचं नाही. चांगलं असलं तरी नाही.”

“नाही ठरवणार,” ते म्हणाले.

“आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडं मी येणार.”

“ये,” ते म्हणाले. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरून माझ्यासमोर चहा प्यायला. वर्षभरात पहिल्यांदा.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. ते त्यानंतर नऊ वर्षं होते. शेवटची दोन फार अवघड गेली. मधली बरी होती. ते काउंटरवर बसायचे आणि मी निवडून आणलेल्या फोटोंवर वाद घालायचे. त्यांची जीभ शेवटपर्यंत धारदार होती. “हा नको. उशिरा दाबलंयस,” म्हणायचे, आणि बरोबर असायचं. तालुक्यातल्या बायका डोहाळजेवणाला, हळदीला मुद्दाम मला बोलवायला लागल्या, पुरुष फोटोग्राफर असला की त्यांना मोकळं हसता येत नसे म्हणून. तो आटोपशीर कॅमेरा तीन वर्षांत झिजला. त्यानंतरचे सगळे माझे मी जाऊन आणले.

पण मला सांगायचं आहे ते नाळे सरांच्या अल्बमाचं.

जूनमध्ये अल्बम तयार झाला. मी लावला, ह्यांनी तपासला. सरांचा तो फोटो मी अल्बमात घातला नव्हता. शेवटच्या पानाच्या खिशात वेगळा ठेवला होता. लग्नाच्या अल्बमात लोकांना हसू हवं असतं. तो घालावा की नको ते मला ठरवता येईना. हे म्हणाले, “तू काढलायस. तूच ठरव.” म्हणून तो खिशात राहिला.

अल्बम पोचवायला आम्ही दोघं सरांच्या घरी गेलो. अल्बम जड होता म्हणून तो मी धरला होता. सरांनी ह्यांना खुर्ची दिली. मी दाराशी, नेहमीसारखी, उभी राहिले. नाळेबाई आतून पाणी घेऊन आल्या आणि सरांच्या खांद्यावरून बघू लागल्या. सर एकेक पान उलटत होते. “वा.” “हा छान.” “हिचे डोळे बघा, बरोबर धरलेत.” अंतरपाटाच्या पानावर ते बराच वेळ थांबले, मान हलवली, पुढं गेले. शेवटच्या पानाशी त्यांचं बोट खिशात गेलं आणि तो फोटो बाहेर आला.

बाईंनी वाकून बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

बाहेर रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. सरांनी फोटो चष्म्याजवळ धरला, लांब धरला, परत जवळ.

“मला वाटत होतं,” ते शेवटी म्हणाले, “मी टाकल्या अक्षता.”

त्यांनी फोटो अल्बमापासून बाजूला घेतला.

“हा कुणाला दाखवायचा नाही. हा मला राहू दे.” मग त्यांनी मान वर करून ह्यांच्याकडं बघितलं. त्यांच्यातला गणिताचा मास्तर जागा झालेला दिसला. “पण हेंद्रे, तुम्ही तर तेव्हा समोर खुर्चीत बसला होता. मी बघितलं होतं तुम्हाला, हातात हात धरून बसलेलं. मला वाटलं, बरं नाही की काय. मग हा काढला कुणी?”

हे माझ्याकडं बघत राहिले. एवढ्या वर्षांत घरातलं, दुकानातलं कुणी काही विचारलं की उत्तर त्यांनीच द्यायचं, हे ठरलेलं होतं. त्या दिवशी ते थांबले. उजवा हात गुडघ्यावर सगळ्यांच्या देखत हलत होता आणि त्यांनी तो खिशात घातला नाही.

“मी काढला, सर,” मी म्हणाले. “अंतरपाटाचाही मीच.”

सरांनी फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं. असं, की मी इतका वेळ तिथं होते हे त्यांना आत्ता कळलंय. ते घाईनं उठले, कोपऱ्यातली दुसरी खुर्ची स्वतः ओढून ह्यांच्या शेजारी ठेवली आणि तिच्यावरची वर्तमानपत्रं उचलली.

“मग तुम्ही उभ्या का?” ते म्हणाले. “बसा ना.”

मी बसले.